दुखण्याचा रिपोर्ट येत नसतो

प्रति,
महाराष्ट्रातल्या सरकारी आणि खासगी दवाखान्यांच्या अपघात विभागांत ड्युटी करणारे सर्व डॉक्टर, सिस्टर आणि ब्रदर;
तसेच सार्वजनिक आरोग्य विभाग, महाराष्ट्र शासन

विषय: सिकलसेलच्या क्रायसिसमध्ये (म्हणजे अचानक उठणाऱ्या तीव्र वेदनांत) दुखण्याचं पहिलं इंजेक्शन तासाभरात मिळण्याबाबत.

सविनय जयभीम आणि नमस्कार.

मी पूर्व विदर्भात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे. माझ्या मुलीला सिकलसेल आहे, आईबापाकडून येणारा रक्तातल्या तांबड्या पेशींचा आजार. एसएस पॅटर्न, आमच्याकडे लोक ज्याला डबल एस म्हणतात तो. दीड वर्षाची असताना तिचे तळहात आणि तळपाय सुजून टम्म झाले होते आणि रात्रभर ती कुणाला हात लावू देत नव्हती. वाताचं औषध मिळालं. खरं निदान व्हायला त्यानंतर अडीच वर्षं गेली. मी आणि तिची आई, आम्ही दोघंही वाहक आहोत हे आम्हाला तेव्हा कळलं. वाहक नवरा-बायकोच्या प्रत्येक मुलाला हा आजार होण्याची शक्यता चारात एक असते. धाकटा मुलगा वाहक निघाला, त्याला काही त्रास नाही. मोठीच्या वाट्याला आजार आला. आज ती 22 वर्षांची आहे, बी.एस्सी. झाली आहे आणि स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करते.

माझ्याकडे एक दोनशे पानी वही आहे. तिच्या प्रत्येक क्रायसिसची नोंद मी त्यात ठेवतो. पानावर चार रकाने आखले आहेत: दवाखान्याच्या दारात पोहोचलो ती वेळ, केसपेपर निघाला ती वेळ, डॉक्टरांनी पाहिलं ती वेळ, आणि दुखण्याचं पहिलं इंजेक्शन लागलं ती वेळ. ही वही मी भांडायला ठेवली नव्हती. कोणत्या औषधाने किती वेळात आराम पडला हे पुढच्या डॉक्टरांना सांगता यावं, एवढाच हेतू होता. आयुष्यभर हजेरीपट भरला, नोंद ठेवायची सवय हाताला आहे. पण पानं भरत गेली तशी माझी नजर पहिल्या आणि शेवटच्या रकान्यातल्या अंतरावरच जाऊ लागली. हे पत्र त्या अंतराबद्दल आहे.

एकच पान सांगतो. जानेवारीची रात्र, गावात कडाक्याची थंडी. दारात पोहोचलो 1 वाजून 40 मिनिटांनी. पहिलं इंजेक्शन लागलं पहाटे 5 वाजून 15 मिनिटांनी.

मधल्या साडेतीन तासांत काय काय झालं, ते सांगतो. आधी केसपेपरच्या रांगेत मी होतो आणि ती लोखंडी बाकावर आडवी. मग ड्युटीवरच्या तरुण डॉक्टरांनी विचारलं, दहापैकी किती दुखतं? ती म्हणाली, दहा. डॉक्टरांनी तिच्याकडे पाहिलं. ती रडत नव्हती, ओरडत नव्हती. ते म्हणाले, दहा असतं तर अशी शांत पडली नसतीस. रक्त तपासायला पाठवलं. रिपोर्ट यायला दोन तास लागले. हिमोग्लोबिन 7.8. ते म्हणाले, हे तर हिचं नेहमीचंच आहे, मग दुखतंय कशानं? मी पिशवीतून जुने कागद काढले आणि गेल्या वेळी कोणत्या इंजेक्शनने आराम पडला होता ते दाखवलं. औषधाचं नाव वाचून त्यांची नजरच बदलली. सिस्टरकडे वळून हळू आवाजात म्हणाले, नाव घेऊन मागतात, सवय लागलेली दिसते. माझ्या मुलीला ते ऐकू आलं. तिचे कान दुखत नव्हते.

ती का रडत नव्हती, हे त्या डॉक्टरांना सांगायचं राहून गेलं. आता सांगतो. नऊ वर्षांची असताना तिने मला सांगितलं होतं, "बाबा, रडलं का श्वास जोरात घ्यावा लागते, अन् मग बरगड्या अजूनच दुखतेत." तेव्हापासून ती क्रायसिसमध्ये पाढे म्हणते. ओठ मिटून, मनात. साधं दुखत असलं तर बाराचा, तेराचा. त्या रात्री ती एकोणतीसचा पाढा म्हणत होती, हे मला तिच्या बोटांवरून कळत होतं. काही मुलं क्रायसिसमध्ये मोबाइलवर गाणी ऐकतात, काही उशीत तोंड खुपसून पडून राहतात, काहींना थकून डुलकी लागते. वर्षानुवर्षं दुखणं सोसलेला माणूस, पहिल्यांदा हात मोडलेल्या माणसासारखा दिसत नाही. त्याच्या शांत चेहऱ्याला पुरावा धरू नका, ही माझी पहिली विनंती.

दुसरी गोष्ट रिपोर्टची. सिकलसेलच्या क्रायसिसमध्ये दुखणं खरं की खोटं हे सांगणारी तपासणी जगात कुठेही नाही. हिमोग्लोबिन नेहमीइतकंच असू शकतं, नाडी आणि रक्तदाब ठीक असू शकतात, एक्स-रे कोरा असू शकतो, आणि तरीही मांडीच्या हाडाच्या आत रक्त अडलेलं असतं. रक्ताची तपासणी करू नका असं मी म्हणत नाही, ती करायलाच हवी. पण ती करायची असते दुसरं संकट आलंय का हे पाहायला. दुखण्याचं औषध तिच्यासाठी थांबवायचं नसतं. दुखण्याचा रिपोर्ट फक्त रुग्णाच्या तोंडून येतो.

मला हे सगळं तुम्हाला शिकवायचं नाही. तुम्ही शिकलेले आहात, मी गणित आणि विज्ञान शिकवणारा मास्तर आहे. पण आठवीच्या मुलांना मी हा आजार कसा समजावतो, तेवढं लिहितो. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागेवर ग्लुटामिक आम्ल असायला हवं, तिथे व्हॅलिन येऊन बसतं. जवळपास दीडशे मण्यांच्या माळेत एक मणी बदलतो. एवढ्याने ऑक्सिजन सोडल्यावर हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना चिकटून कडक दोऱ्या तयार होतात आणि गोल, लवचीक तांबडी पेशी विळ्यासारखी वाकडी आणि ताठ होते. चांगली पेशी सुमारे 120 दिवस जगते, ही जेमतेम 10 ते 20 दिवस. म्हणून यांचं रक्त कायम कमी. आणि या ताठ पेशी बारीक नसांमध्ये अडकल्या की पलीकडच्या हाडाला, मांसाला ऑक्सिजन मिळत नाही. तोच क्रायसिस. माझी मुलगी म्हणते, "हाडं कोणी धुण्यासारखी पिळून राहिलं."

हृदयाच्या नसेत गाठ अडकलेला माणूस आला की तुम्ही सगळे धावता. दहा मिनिटांत ईसीजी निघतो. मी बाकावर बसून ते पाहिलं आहे आणि तुमच्याबद्दल आदर वाटला आहे. हिच्या हाडातही तेच चाललेलं असतं, रक्त न मिळाल्याने आतून मरत जाणं. वारंवार असं झालं की खुब्याचं हाड कायमचं खचतं आणि विशी-पंचविशीतली पोरं लंगडायला लागतात. पण हाडाचा ईसीजी निघत नाही, म्हणून ती बाकावर राहते.

तासाभराची मर्यादा मी माझ्या मनाने मागत नाही. अमेरिकन सोसायटी ऑफ हिमॅटॉलॉजी या रक्तविकारतज्ज्ञांच्या संस्थेने 2020 मध्ये मार्गदर्शन केलं आहे: सिकलसेलचा रुग्ण तीव्र वेदना घेऊन आला की पहिली मात्रा तासाभरात, आणि मग दर 30 ते 60 मिनिटांनी पुन्हा पाहून, कमी झालं नसेल तर पुन्हा मात्रा. ब्रिटनच्या नाइस या संस्थेने तर 2012 पासून अर्ध्या तासाची मर्यादा घातली आहे. "पुन्हा पाहून" हे दोन शब्द मला पहिल्या इंजेक्शनइतकेच महत्त्वाचे वाटतात. माझ्या वहीत अशी पानं आहेत की पहिलं इंजेक्शन वेळेत लागलं आणि मग सहा तास कुणी विचारलंच नाही. त्या औषधाचा जोर तीन-चार तासांत उतरलेला असतो. मी सिस्टरकडे जाऊन विचारलं की उत्तर यायचं, ऑर्डर आठ तासांची आहे.

शीर सापडत नाही म्हणूनही वेळ जातो. लहानपणापासून सुया टोचून टोचून या मुलांच्या शिरा बुजून गेलेल्या असतात. तीनदा, चारदा टोचतात, मग म्हणतात भूलतज्ज्ञ येईपर्यंत थांबा. तोवर दुखणं चालूच. शीर मिळेपर्यंत औषध त्वचेखाली देता येतं, गिळता येत असेल तर तोंडाने देता येतं, हे एका डॉक्टरांनीच आम्हाला सांगितलं. दुखणाऱ्या सांध्यावर बर्फ ठेवू नका. थंडीने नसा आणखी आकसतात. आम्ही गरम पाण्याची पिशवी आणलेली असते. ती बाजूला ठेवायला लावू नका, एवढं सिस्टरांना हात जोडून सांगतो.

आता सवयीबद्दल, कारण खरी गाठ तिथेच आहे. मॉर्फिन या तीव्र वेदनेवरच्या, अफूपासून निघणाऱ्या औषधाची भीती मला कळते. तुमची सही आहे, तुमची जबाबदारी आहे, श्वास मंदावला तर तुम्हालाच पाहायचं आहे. पण तीव्र वेदनेत, वजनाप्रमाणे मोजून, श्वासाचा वेग आणि गुंगी पाहत दिलेलं औषध वेगळं आणि व्यसन वेगळं. मॉर्फिनचा परिणाम उलटवणारं औषध तुमच्या ट्रॉलीत असतंच. औषधाचं नाव घेऊन मागणं हा व्यसनाचा पुरावा नाही. मधुमेहाचा रुग्ण इन्सुलिनचं नाव घेतो, दम्याचा रुग्ण पंपाचं नाव घेतो, त्यांच्यावर कुणी संशय घेत नाही. माझी मुलगी वर्षातून दोन-तीनदा तुमच्या दारात येते आणि बाकीचे महिने घरी पॅरासिटामॉल घेऊन अभ्यास करते. व्यसन असलेला माणूस असा असतो का, हे तुम्हीच सांगा. आणि पेथिडिनसारखं औषध, ज्याचा शरीरात साठणारा अंश झटके आणू शकतो, ते यांना देऊ नये असं नाइसने स्पष्ट सांगितलं आहे. डायक्लोफेनॅक एक-दोन दिवसांपुरतं जोडीला ठीक, पण सिकलसेलमध्ये मूत्रपिंडं आधीच दुखावलेली असतात. तेच एक औषध दिवसातून तीनदा टोचत राहणं हा उपाय नव्हे.

दुसऱ्या टोकाचीही चूक होते आणि तीही मायेपोटी होते. आला सिकलसेलचा रुग्ण की लाव सलाईन, चढव रक्त. पाणी कमी पडलं असेल तर सलाईन हवंच. उन्हाळ्यात धानाच्या बांधावरून किंवा तेंदूपत्त्याच्या कामावरून आलेल्या पोराला तर हवंच हवं. पण बाटलीमागून बाटली गेली तर पाणी फुप्फुसांत उतरतं. आणि हिमोग्लोबिन 7.8 हे तुम्हाला कमी दिसलं तरी तिच्यासाठी ते रोजचं आहे. नुसत्या दुखण्यासाठी रक्त चढवून क्रायसिस थांबत नाही. उगाच चढवलेल्या प्रत्येक पिशवीने पुढे जुळणारं रक्त मिळणं अवघड होत जातं. आमच्या गावात नातेवाईकच रक्तासाठी हट्ट धरतात, हे मला माहीत आहे. आम्हाला समजावून सांगा. आम्ही ऐकतो.

खरं भय छातीचं आहे. पाय दुखतो म्हणून भरती झालेल्या रुग्णाला दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ताप येतो, खोकला येतो, ऑक्सिजन खाली जातो. अक्यूट चेस्ट सिंड्रोम. या आजारात जीव घेणाऱ्या सगळ्यात मोठ्या कारणांपैकी हे एक. दुखतं म्हणून रुग्ण खोल श्वास घेत नाही, फुप्फुसाचा तळ बंद पडत जातो, आणि मग तिथे आग लागते. म्हणजे वेदना कमी करणं ही नुसती दया नाही, त्याने फुप्फुसं उघडी राहतात. कोरोनाच्या काळात घरोघर आलेलं ते तीन गोळ्यांचं फुंकायचं यंत्र आठवतं? ते श्वास आत ओढण्याचं यंत्र आहे. जागेपणी दर दोन तासांनी दहा श्वास त्यावर घेतले तर हा धोका कमी होतो, हे 1995 मध्येच एका अभ्यासात दिसलं होतं. तीनशे-चारशे रुपयांची वस्तू आहे. आमची पिशवीत असते. वॉर्डात मात्र आजवर कुणी आपणहून दिलेली नाही. ताप असेल तर थांबू नका, कारण यांची प्लीहा लहानपणीच निकामी झालेली असते आणि साधा जंतू एका रात्रीत रक्तात पसरतो. आणि पावसाळ्यात आमच्याकडून कुणी आलं तर मलेरियाची तपासणी विसरू नका. लहान मुलाचं पोट मात्र नेहमी हाताने तपासा. प्लीहेत रक्त साठून मूल काही तासांत पांढरंफटक पडतं, हे मी शेजारच्या घरात पाहिलं आहे. त्याबद्दल जास्त लिहवत नाही.

वहीतलं एक पान मात्र मी लाल शाईने चौकट करून ठेवलं आहे. दारात 11.05. पहिलं इंजेक्शन 11.27. दवाखाना लहान होता, डॉक्टर मॅडम इंटर्नशिप नुकतीच संपवलेल्या. त्यांनी तिचं सिकलसेलचं कार्ड पाहिलं, खुर्ची तिच्या स्ट्रेचरजवळ ओढली आणि एकच प्रश्न विचारला: "तुला नेहमी कशाने आराम पडतो?" तिने सांगितलं. त्यांनी फोन करून वरिष्ठांना विचारलं, वजन घेतलं, औषध दिलं. अर्ध्या तासाने पुन्हा आल्या, पुन्हा विचारलं, पुन्हा अर्धी मात्रा दिली. छाती ऐकली. जाताना सिस्टरना सांगून गेल्या की ऑक्सिजन 95 च्या खाली गेला तर उठवा. माझी मुलगी त्या रात्री झोपली. दोन दिवसांत आम्ही घरी आलो, तिसऱ्या दिवशी ती पेपरला बसली. जानेवारीच्या त्या रात्रीनंतर आम्ही नऊ दिवस भरती होतो आणि तिचं एक सेमिस्टर गेलं. दोन्ही वेळा आजार तोच, मुलगी तीच.

आरोग्य विभागाला आता थोडं.

मध्य भारतातल्या सिकलसेलची नोंद नागपूरहून 1958 मध्ये वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. निलगिरीच्या आदिवासींमध्ये तो त्याआधी 1952 मध्येच सापडला होता. म्हणजे हा पाहुणा आपल्याला नवा नाही. गोंड, माडिया, परधान, कोरकू, भिल्ल, पावरा यांच्यात तो आहे, तसाच आमच्या बौद्ध वस्त्यांत आहे आणि कुणबी-तेली घरांतही आहे. भारतातल्या रुग्णांत गर्भातलं हिमोग्लोबिन जास्त राहतं म्हणून आपल्याकडचा सिकलसेल सौम्य, असं पूर्वी शिकवलं जायचं. नागपूरच्या बालरुग्णांवरच्या अभ्यासांनी विदर्भातली मुलं वारंवार आणि गंभीर आजारी पडतात हे दाखवून दिलं, तरी ती जुनी समजूत अपघात विभागात अजून भेटते. 1 जुलै 2023 ला शहडोलहून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मिशन सुरू झालं. 2047 पर्यंत निर्मूलन, आणि त्यासाठी 40 वर्षांपर्यंतच्या 7 कोटी लोकांची तपासणी, असं उद्दिष्ट ठेवलं. काम मोठं आहे आणि आमच्या आशाताई त्यासाठी पायाला भिंगरी लावून फिरल्या आहेत. माझ्या शाळेतल्या मुलांचीही तपासणी झाली. लग्नाआधी कार्ड पाहण्याची चर्चा आता गावात उघडपणे होते, हे त्या कामाचं यश.

पण किती तपासले, किती वाहक, किती ग्रस्त, एवढ्याच रकान्यांवर मोजणी थांबते. ग्रस्त ठरलेला माणूस रात्री दोन वाजता दारात आला तर त्याला पहिलं इंजेक्शन किती मिनिटांत मिळालं, हा रकाना मला कोणत्याही अहवालात दिसला नाही. शाळेत आम्ही अनुभवाने शिकलो आहोत की ज्या गोष्टीची नोंद वर जाते तीच गोष्ट सुधारते. पोषण आहाराची नोंद जाते, म्हणून तो शिजतो. माझी मागणी फार साधी आहे: सिकलसेलच्या रुग्णाच्या केसपेपरवर दोन रकाने छापून द्या, आल्याची वेळ आणि पहिल्या मात्रेची वेळ, आणि दर महिन्याला त्या नोंदी वर मागवा. यासाठी नवी इमारत लागत नाही, नवं पद लागत नाही.

औषध मात्र लागेल. 1985 च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने मॉर्फिन मिळवणं इतकं किचकट केलं की दवाखान्यांनी ते ठेवणंच सोडून दिलं. एकाच औषधासाठी अनेक खात्यांचे परवाने लागत. 2014 मध्ये संसदेने तो कायदा दुरुस्त केला. मॉर्फिन, फेंटानिल यांसारखी औषधं अत्यावश्यक ठरवली आणि मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थेला राज्याच्या औषध नियंत्रकाच्या एका मान्यतेवर ती ठेवता येतील अशी सोय केली. दहा वर्षं उलटून गेली. अफू आपल्या शेजारच्या मध्य प्रदेशात, मंदसौर-नीमचच्या शेतांत, सरकारी परवान्याने पिकते आणि नीमच, गाझीपूरच्या सरकारी कारखान्यांत तिच्यापासून औषध निघतं. आणि माझ्या तालुक्याच्या दवाखान्यात विचारलं तर उत्तर मिळतं, ते आमच्याकडे नसतं, रेफर करतो. मग 108 मध्ये बसून खड्ड्यांच्या रस्त्याने दोन तास. हाडं दुखणाऱ्या माणसाला तो रस्ता कसा लागत असेल, ते मंत्रालयात बसून कळणं अवघड आहे. सिकलसेलचे रुग्ण असलेल्या प्रत्येक तालुक्यात निदान एक दवाखाना असा ठेवा, जिथे हे औषध आहे, ते देण्याचं प्रशिक्षण घेतलेला डॉक्टर आहे आणि कपाटाची किल्ली रात्रीही ड्युटीवरच्या माणसाकडे आहे. किल्लीचं मी मुद्दाम लिहितो आहे. एकदा औषध होतं, किल्ली घरी गेली होती.

हायड्रॉक्सीयुरियाची गोळी रोज घेतली तर क्रायसिस कमी येतात, हे 1995 पासून सिद्ध आहे. माझ्या मुलीला तिने खूप फरक पडला. तिचा पुरवठा मध्येच तुटतो तेव्हा दोन महिन्यांनी आम्ही तुमच्या अपघात विभागात येतो. एवढं एकच वाक्य पुरवठा पाहणाऱ्या साहेबांसाठी.

एक गोष्ट लिहू की नको, असा बराच विचार केला. लिहितो. एप्रिल 2019 मध्ये लंडनच्या एका रुग्णालयात भरती असलेल्या 21 वर्षांच्या सिकलसेलच्या तरुणाने, ऑक्सिजन मिळत नाही म्हणून आपल्या खाटेवरून 999 या आपत्कालीन क्रमांकाला फोन लावला होता. तो वाचला नाही. 2021 मध्ये तिथल्या खासदारांच्या सर्वपक्षीय गटाने अहवाल काढला आणि सिकलसेलच्या रुग्णांचं ऐकून घेतलं जात नाही, त्यात वर्णभेदाचा हात आहे, हे उघड लिहिलं. तिथे हा आजार प्रामुख्याने काळ्या लोकांचा. आपल्याकडे तो कुणाचा आहे, हे मी वर लिहिलं. केसपेपरवर आडनाव असतं, गावाचं नाव असतं. बोलण्याची धाटणी कुठली आहे ते पहिल्या वाक्यात कळतं. मी कोणा एका डॉक्टरवर आरोप करत नाही. पण "यांना सवय असते", "हे लोक वेळेवर येत नाहीत", "नाटक करते" ही वाक्यं मी ज्या बाकांवर बसून ऐकली, त्या बाकांवर माझ्या शेजारी कोण बसलेलं होतं, ते मला दिसत होतं. अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या 2016 च्या कायद्यात सिकलसेल आहे. आम्ही उपकार मागायला येत नाही, हे आम्हालाही शिकावं लागलं आणि तुम्हीही लक्षात ठेवावं, अशी विनंती.

तुमची रात्र कशी जाते हे मी पाहिलं आहे. एक डॉक्टर, सर्पदंश, फवारणीतून विष गेलेला शेतकरी, ट्रॅक्टरखाली आलेला पोरगा, आणि बाहेर रेटारेटी करणारे आम्ही नातेवाईक. अशा रात्री शांत पडलेली मुलगी मागे राहणं साहजिक आहे. म्हणूनच हे तुमच्या चांगुलपणावर सोडू नये, कागदावर असावं, असं मला वाटतं. मनाने चांगला डॉक्टर ड्युटीवर असेल तर 22 मिनिटं आणि नसेल तर साडेतीन तास, असं कोणत्याही पोरीच्या नशिबावर ठेवू नये.

तोवर एक काम तुम्ही कुणाच्याही आदेशाशिवाय करू शकता. तुमच्याकडे नेहमी येणाऱ्या सिकलसेलच्या प्रत्येक रुग्णाला, तो बरा असताना ओपीडीत बोलवा आणि एका कागदावर लिहून द्या: वजन, नेहमीचं हिमोग्लोबिन, कोणतं औषध चालतं, किती मात्रेत, कोणतं सोसत नाही, खाली तुमची सही आणि शिक्का. रात्री दोन वाजता ड्युटीवर कोणीही असलं तरी त्याला तुमच्या सहीचा आधार मिळेल, आणि मला माझी वही उघडून दाखवावी लागणार नाही. माझ्या मुलीचा असा कागद त्या लहान दवाखान्यातल्या मॅडमनी करून दिला होता. त्या आता पुढच्या शिक्षणाला गेल्या आहेत आणि कागदाला तीन वर्षं झाली. तिचं वजन बदललं आहे, मात्रा नव्याने काढावी लागेल. थंडी सुरू व्हायच्या आत, येत्या सोमवारी, मी तिला घेऊन ओपीडीत येतो आहे. कोरा कागद आणि कार्बन पेपर मी सोबत आणीन.

आपला नम्र,
एका सिकलसेलग्रस्त मुलीचा बाप
पूर्व विदर्भ